‘सारखे’ याच्या उलट काय?
(समानतावाचक पदाच्या विरोधी शब्दांचा विचार)

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवली स्थानकावर उतरले म्हणजे दक्षिणेस दोन गड शेजारी शेजारी उभे दिसतात. एक लोहगड, दुसरा विसापूर. दोहोंच्या मध्ये एक खिंड आहे. प्रथमच आलेला मनुष्य पाहून म्हणतो, “दोन्ही गड सारखेच आहेत.” त्याच्या सोबतचा मावळातील शेतकरी म्हणतो, “नव्हे, दोन्ही वेगळे आहेत.” आता या दोघांपैकी खरे कोणाचे मानावे?

विचार केला असता दोघांचेही खरे आहे. पहिल्याने आकार पाहिला. दुसऱ्याने गड मोजले, वाटा चालल्या, माथे पाहिले. पहिल्याच्या ‘सारखे’ या शब्दाने जे सांगितले, ते दुसऱ्याच्या ‘वेगळे’ या शब्दाने नाकारलेच नाही. शब्द परस्परविरोधी दिसतात, परंतु वाक्ये परस्परविरोधी नाहीत. असे का होते, याचे उत्तर ‘सारखा’ या एका विशेषणाच्या पोटात जे अनेक अर्थ आहेत, त्यांत सापडते. जितके त्याचे अर्थ, तितके त्याचे विरोधी शब्द. एका अर्थाचा विरोधी शब्द उचलून दुसऱ्या अर्थाला लावला, तर व्यवहारात भांडण होते आणि शास्त्रविचारात सिद्धांताचा भंग होतो. म्हणून साधकाने या शब्दांची नीट पारख करावी. दृष्टांत परिचयातला असावा, म्हणून येथे मावळातलीच स्थळे घेतली आहेत.

१. ‘सारखा’ पदाचे चार अर्थ

‘सारखा’ हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’ यापासून प्राकृत ‘सारिक्ख’ असा होत मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘तसा दिसणारा’ असा आहे. पुढे मराठीत त्याचा विस्तार झाला. आज तो चार अर्थांनी चालतो.

पहिला अर्थ तादात्म्याचा. “काल भेटला तो आणि आज आला तो सारखाच मनुष्य” असे कोणी ढिलेपणाने म्हणतो. तेथे त्याला ‘तोच’ असे म्हणावयाचे असते. दुसरा अर्थ सादृश्याचा, म्हणजे रूप किंवा गुण मिळतेजुळते असणे. तिसरा अर्थ समतेचा, म्हणजे माप, मूल्य किंवा योग्यता बरोबरीची असणे. “दोघा भावांना सारखा वाटा” या वाक्यात हा अर्थ आहे. चौथा अर्थ सातत्याचा. “सारखा पाऊस पडतो” असे म्हणताना पावसाची कशाशी तुलना केलेली नसते, तो खंड न पडता पडतो एवढेच सांगावयाचे असते.

या चार अर्थांना चार निरनिराळे विरोधी शब्द आहेत. ‘तोच’ याच्या उलट ‘अन्य’ किंवा ‘दुसरा’. ‘सदृश’ याच्या उलट ‘विसदृश’, ‘निराळा’, ‘भिन्न’. ‘सम’ याच्या उलट ‘विषम’, ‘असमान’. ‘अखंड’ याच्या उलट ‘खंडित’, बोलीत ‘अधूनमधून’. ‘वेगळा’ हा शब्द मात्र ‘सारखा’ याच्याइतकाच सैल आहे. तो पहिल्या दोन्ही ठिकाणी चालतो आणि कधी कधी तिसऱ्या ठिकाणीही शिरतो. सगळा घोटाळा बहुधा तेथूनच सुरू होतो.

२. नकाराचे प्रकार

विरोधी शब्द करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागे ‘अ’ किंवा ‘अन्’ लावणे. पण हा नकारही एकविध नाही. संस्कृत वैयाकरणांनी या ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अपाप’ म्हणजे जेथे पापाचा अभाव आहे ते. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून अन्य प्राणी. ‘अनुदरा’ म्हणजे जिचे उदर कृश आहे ती. तिला उदरच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. ‘अधर्म’ म्हणजे धर्माच्या विरोधी असणारे आचरण. अक्षर एकच, परंतु नकार सहा तऱ्हांचा.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘अविद्या’ या परिचित पदाचा अर्थ कसा सांभाळावा लागतो, हे कळते. कोणी ‘अविद्या’ म्हणजे विद्येचा नुसता अभाव, असा अर्थ लावील, तर शाळेत जाऊन अविद्या जाते असे होईल. परंतु पंथीय सिद्धांतात अविद्या जीवाला अनादि काळापासून जडलेले बंधन आहे. तेथे ‘अ’ हा अभावाचा नसून विरोधाचा आहे. एका अक्षराचा अर्थ चुकला तर बंध आणि मोक्ष या दोहोंचाही विचार चुकतो.

मराठी भाषेच्या अशा सूक्ष्म विचाराची परंपरा पंथात जुनी आहे. भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीच्या व्याकरणविचारातील आद्य लेखनांपैकी मानले जाते, आणि त्याचा जन्म सूत्रांचा अर्थ नीट लागावा याच गरजेतून झाला.

३. ‘तोच’ आणि ‘अन्य’

आता एकेक जोडी पाहू. पवना धरणाच्या जलाशयाजवळ तिकोना नावाचा गड आहे. त्यालाच वितंडगड असेही नाव आहे. त्याच परिसरात तुंग आहे, त्याला कठीणगड म्हणतात. एखाद्याने कागदपत्रांत तुंग, कठीणगड, तिकोना आणि वितंडगड अशी चार नावे वाचली आणि पवन मावळात चार गड मोजले, तर त्याची मोजणी चुकली. नावे अन्य आहेत, वस्तु तीच आहे. नामभेदाने वस्तुभेद होत नाही.

याच्या उलट चूकही होते. लोहगड आणि विसापूर दुरून जुळ्यासारखे दिसतात, म्हणून एकाच गडाची ती दोन टोके आहेत असे कोणी समजला, तर तोही चुकला. विसापूर उंचीने अधिक, त्याचा माथा अधिक विस्तीर्ण. लोहगडास विंचूकाटा नावाची सोंडेसारखी लांब माची आहे, तशी विसापुरास नाही. दोहोंच्या चढण्याच्या वाटा स्वतंत्र आहेत. दिसणे सारखे असले तरी वस्तु अन्य आहे. सादृश्याने ऐक्य होत नाही.

‘अन्य’ या शब्दाला शास्त्रात किती महत्त्व आहे, हे केशोबासांनी संकलित केलेल्या सूत्रपाठावरून दिसते. त्यातील एका प्रकरणाचे नावच ‘अन्यव्यावृत्ति’ असे आहे. अन्य म्हणजे दुसरे, व्यावृत्ति म्हणजे वेगळे करून बाजूस सारणे. जे प्राप्त करून घ्यावयाचे, ते कोणते हे कळण्यापूर्वी ते कोणते नव्हे हे कळावे लागते. तांदूळ शिजविण्यापूर्वी खडे निवडावे लागतात, तसाच हा क्रम आहे. खडा आणि तांदूळ रंगाने सारखे दिसतात, म्हणूनच निवडण्याची गरज पडते. जेथे सादृश्य अधिक, तेथे व्यावृत्तीची गरज अधिक.

तांदळाचेच उदाहरण पुढे नेता येईल. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा वाण प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तो तयार झाला. मूळ आंबेमोहोराचा वास काही अंशी त्यात उतरला आहे. म्हणून अनेक गृहिणी “हाही आंबेमोहोरासारखाच” असे म्हणतात, आणि ते म्हणणे सादृश्याच्या अर्थाने योग्य आहे. परंतु एखादा दुकानदार त्याच ‘सारख्या’च्या बळावर आंबेमोहोर म्हणून इंद्रायणी विकू लागला, तर त्याने ‘सदृश’ या अर्थाचा शब्द ‘तोच’ या अर्थाने खपविला. शब्द एकच राहिला, फसवणूक अर्थात झाली.

दृष्टांतपाठातील जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टांत साधकांच्या नित्य परिचयाचा आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. हत्तीचा पाय खांबासारखा असतो, हे खोटे नाही. चूक पुढे झाली. एका अवयवाचे सादृश्य त्यांनी संपूर्ण वस्तूचे स्वरूप मानले. ‘सारखा’ या शब्दावरून ‘तोच’ या शब्दावर त्यांनी नकळत उडी घेतली.

४. भेदाचे तीन प्रकार

‘भिन्न’ हा शब्द ‘भिद्’ म्हणजे फोडणे या धातूपासून आला आहे. दोन वस्तूंमध्ये जी फट असते, ती भेद. तत्त्वज्ञांनी हा भेद तीन प्रकारचा मानला आहे : सजातीय, विजातीय आणि स्वगत. यांची उदाहरणे सामान्यतः वृक्षावरून देतात. मावळात ती गडांवरून देता येतील.

लोहगड आणि विसापूर हे दोन्ही गडच आहेत, पण एक दुसरा नव्हे. हा सजातीय भेद. लोहगड आणि इंद्रायणी नदी यांची जातच निराळी. एक डोंगर, दुसरी नदी. हा विजातीय भेद. लोणावळ्याच्या उत्तरेस राजमाची हा गड आहे. त्याला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. गड एकच, परंतु त्याच्या अंगात भेद आहे. हा स्वगत भेद. मळवलीस पाहिलेल्या दोन माथ्यांचे गड दोन होतात आणि राजमाचीच्या दोन माथ्यांचा गड एकच राहतो. केवळ डोळ्यांना दोन दिसले म्हणून भेदाचा प्रकार ठरत नाही, तो विचाराने ठरवावा लागतो.

हे तीन प्रकार पदार्थविचारास लावून पाहावेत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आहेत. यांतील भेद विजातीय आहे. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच जड, परमेश्वर नित्यमुक्त. यांपैकी एक दुसरा होत नाही, झाला नव्हता, होणार नाही. जीवाला परमेश्वराचा आनंद प्राप्त होतो, परंतु जीव परमेश्वर होत नाही. जीव आणि जीव यांतील भेद मात्र सजातीय आहे. जीव असंख्य आहेत, एक दुसरा नव्हे, तरी सर्वांची जात एकच. आणि हात, पाय, डोळा हे जे भेद दिसतात, ते एका देहातील स्वगत भेद आहेत. त्यांचा संबंध प्रपंचाशी आहे.

५. ‘भिन्न’ आणि ‘विषम’

आता सर्वांत महत्त्वाची जोडी. ‘सम’ याच्या उलट ‘विषम’. या शब्दाचा जुना अर्थ जमिनीवरून कळतो. जेथे चढउतार नाही ती सम भूमी, जेथे खाचखळगे, चढ, कडे आहेत ती विषम भूमी. तळेगाव-वडगावच्या बाजूस मावळ पुष्कळसे सम आहे, खंडाळ्याशी येताच ते विषम होते. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यावर काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जाताना एक फूट चढावे लागते. कर्जतहून वर येताना अनेक गाड्यांना मागे जादा इंजिने जोडावी लागतात. येथे विषमता मोजता येते. ‘विषम’ म्हणताना हाती माप असले पाहिजे, हे या शब्दाचे लक्षण आहे. ज्याचे माप सांगता येत नाही, त्याला भिन्न म्हणावे, पण विषम म्हणू नये.

या नियमाचे प्रत्यक्ष उदाहरण मळवलीच्याच उत्तरेस, कार्ल्याच्या लेण्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे चैत्यगृह शिलेत कोरलेल्या चैत्यगृहांमध्ये भारतात सर्वांत मोठे आहे. त्याच्या मध्यभागाच्या दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा खांब आहेत. त्यांना घटाकृती तळखडे आहेत आणि शिरावर हत्ती-घोड्यांवर आरूढ स्त्रीपुरुषांच्या आकृती आहेत. स्तूपामागे सात खांब आहेत. ते साधे अष्टकोनी आहेत, त्यांना ना तळखडा, ना शीर्ष. हे सात खांब त्या तीसांहून भिन्न आहेत, हे कोणीही पाहून सांगेल. परंतु ओळीत उभे राहून रचना पुरी करण्याच्या कामात ते कमी आहेत, असे कोणी म्हणू शकणार नाही.

त्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे, सोपाऱ्याचा भिक्षु आहे, एक भिक्षुणी आहे आणि स्वतःस यवन म्हणविणारे अनेक जण आहेत. कुळ, व्यवसाय, गाव, सर्व भिन्न. पण यवनाने दिलेला खांब श्रेष्ठीच्या खांबाशेजारी त्याच उंचीने उभा आहे. दात्यांचा भेद खांबाच्या मापात उतरलेला नाही. पंथ निराळा, काळ निराळा, तरी शब्दविचारासाठी हा दृष्टांत घेण्याजोगा आहे : माणसे भिन्न असूनही विषम नसतात.

आपल्या समाजात शतकानुशतके जो अनर्थ झाला, तो याच दोन शब्दांची गल्लत केल्याने झाला. जन्म भिन्न, म्हणून योग्यता विषम ठरविली. स्त्रीचा देह भिन्न, म्हणून तिचा अधिकार उणा ठरविला. भिन्नतेचा पुरावा द्यावयाचा आणि निष्कर्ष विषमतेचा काढावयाचा, असा हा कुतर्क आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरांनी स्त्रियांना आणि सर्व वर्णांना मोक्षाचा अधिकार मानला, तो भेद दिसत नव्हते म्हणून नव्हे. देहाचे भेद सर्वांनाच दिसतात. परंतु ते भेद देहाचे, अधिकार जीवाचा, आणि जीव सजातीय. महदाइसेसारख्या स्त्रीच्या प्रश्नांना उत्तरे मिळाली आणि ती लीळाचरित्रात जतन झाली, ही गोष्ट या सिद्धांताचा आचारातील पुरावा आहे.

भाषेच्या बाबतीतही हेच. केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करण्यास समर्थ होते. परंतु नागदेवाचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले, कारण त्यायोगे पंथातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानापासून वंचित राहिल्या असत्या. संस्कृत आणि मराठी या भिन्न भाषा आहेत, हे आचार्यांना ठाऊक होते. मराठी उणी आहे, हे त्यांनी मानले नाही.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेने चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानता सांगितली आणि सतराव्यात अस्पृश्यता नष्ट केली. तेथेही सर्व माणसे एकसारखी आहेत असे म्हटलेले नाही. ती समान आहेत असे म्हटले आहे. हा भेद ज्याला कळत नाही, तो “पाचही बोटे सारखी नसतात” हे सांगून समानता खोडून काढू पाहतो. बोटे सारखी नसतात, हे खरे. पण कोणतेही बोट कापले तरी वेदना सारखीच होते.

येथे एक शंका येईल. साधकांमध्येही अधिकाराचे तारतम्य सांगितलेले असते, कोणी आर्त, कोणी जिज्ञासू, कोणी पुढचा, कोणी मागचा. मग जीव सम कसे? याचे समाधान असे की, हे तारतम्य कर्माचे, संस्काराचे व प्रयत्नाचे आहे. ते येते आणि जाते. आजचा मागचा उद्या पुढे जातो. स्वरूपातील विषमता असती, तर असे झाले नसते. देवतांची गोष्ट निराळी. त्या सर्व एका जातीच्या असूनही त्यांच्या थव्यांत वरचढ-खालचे तारतम्य आहे. म्हणजे सजातीय वस्तूंत विषमता असू शकते आणि विजातीय वस्तूंत तुलनाच बसत नाही. हे ओळखूनच शब्द योजावा.

६. ‘विपरीत’

‘भिन्न’ शब्दाची गल्लत आणखी एका शब्दाशी होते. तो म्हणजे ‘विपरीत’ किंवा ‘विरुद्ध’. जे सारखे नाही ते उलटच असले पाहिजे, अशी मनाची ओढ असते.

लोणावळ्याजवळ सह्याद्रीचा जलविभाजक आहे. धारेच्या पूर्वेस पडलेले पाणी इंद्रायणीने देहू-आळंदीवरून जाऊन तुळापुरास भीमेत मिळते, पुढे कृष्णेतून पूर्वसमुद्रास जाते. राजमाचीच्या बाजूस पश्चिमेकडे उतरलेले पाणी उल्हास नदीने अरबी समुद्रास जाते. एका ढगाचे पाणी, दिशा विपरीत. पाणी मात्र विपरीत नाही. शिवाय ही दिशाही अटळ नाही. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे बांध घालून पूर्वेस जाणारे पाणी अडविण्यात आले आणि १९१५ पासून ते घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहाकडे सोडण्यात येऊ लागले. जे पाणी भीमेस मिळावयाचे, ते कोकणात उतरले. तेव्हा ‘विपरीत’ हा शब्द गतीचा आहे, स्वरूपाचा नव्हे. एखाद्याची वाट विपरीत आहे असे म्हणता येते, परंतु तेवढ्यावरून तो स्वतः विपरीत ठरत नाही. वाट बदलता येते. उपदेशाला अर्थ आहे तो यामुळेच.

पंथातील पोथ्यांच्या अभ्यासात या जोडीचा फार उपयोग आहे. परंपरेने तेरा आम्नाय सांगितले जातात, आणि सूत्रपाठाचे कवीश्वर व उपाध्ये आम्नायांचे पाठ काही ठिकाणी एकमेकांशी जुळत नाहीत. असा पाठभेद आढळताच एक पाठ खरा आणि दुसरा खोटा, असा निर्णय करण्याची घाई होते. तेथे क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा केवळ नामभेद आहे काय? म्हणजे तिकोना आणि वितंडगड याप्रमाणे शब्द दोन, अर्थ तोच, असे आहे काय? पुष्कळ पाठभेद या पहिल्या प्रश्नातच मिटतात. सकळ लिपीत लिहिलेला मजकूर बाळबोधीत उतरविला म्हणजे अक्षरे सगळी बदलतात आणि वचन तेच राहते, तसे हे आहे. दुसरा, अर्थ भिन्न असून अविरोधी आहे काय? म्हणजे लोहगड व विसापूर याप्रमाणे दोन्ही एकाच वेळी उभे राहू शकतात काय? तसे असेल तर दोन्ही पाठ जतन करावेत. तिसरा, अर्थ विरुद्ध आहे काय? म्हणजे एक मानला तर दुसरा मोडतो, असे आहे काय? या तिसऱ्या स्थळीच निर्णयाची गरज आहे. तेथे सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले हे प्रकरणवशावरून पाहावे आणि मग ठरवावे. पहिल्या दोन स्थळी झालेले वाद व्यर्थ होत.

७. सारखा पाऊस

चौथा अर्थ राहिला. आषाढ-श्रावणात लोणावळ्यास पाऊस सारखा पडतो. वर्षाची सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक भरते. पूर्वेस तळेगावाकडे येताच तो पुष्कळ कमी होतो आणि अधूनमधून पडू लागतो. येथे ‘सारखा’ याच्या उलट ‘वेगळा’ असे कोणी म्हणणार नाही. ‘थांबून थांबून’ असेच म्हणेल.

स्मरणाच्या विचारात हाच अर्थ घ्यावयाचा असतो. “स्मरण सारखे असावे” या उपदेशाचा अर्थ आजचे स्मरण कालच्यासारखे दिसावे, असा नाही. ते खंडित होऊ नये, असा आहे. काही साधक रोजच्या स्मरणात कालची गोडी आली नाही म्हणून खिन्न होतात आणि त्या खेदात स्मरणच सोडतात. त्यांनी सादृश्य शोधले आणि सातत्य गमावले. पावसाची प्रत्येक सर मागच्या सरीसारखी नसते. कधी जोराची, कधी भुरभुर. तरी ओढे वाहत राहतात ते पाऊस थांबत नाही म्हणून.

८. उपसंहार

या सर्व विचाराचे सार एका प्रश्नात येते. कोणी दोन वस्तूंना ‘सारखे’ म्हटले किंवा ‘वेगळे’ म्हटले, तर साधकाने प्रथम विचारावे : “कशात?” वस्तु तीच की अन्य, हा एक प्रश्न. रूप सदृश की भिन्न, हा दुसरा. माप सम की विषम, हा तिसरा. गती अनुकूल की विपरीत, हा चौथा. काल अखंड की खंडित, हा पाचवा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास चालत नाही.

हा विवेक सुटला म्हणजे दोन बाजूंनी पतन होते. जीव आणि परमेश्वर यांच्यात काही सादृश्य पाहून ते एकच मानले, तर ज्ञान बिघडते. जीव आणि जीव यांच्यात भेद पाहून ते विषम मानले, तर आचार बिघडतो. पहिल्याने ‘सारख्या’चा अर्थ ताणला, दुसऱ्याने ‘वेगळ्या’चा. दोन्ही प्रमादांचे मूळ शब्दाच्या बेसावध वापरात आहे.

मननासाठी काही प्रश्न येथे दिले आहेत. त्यांची उत्तरे आपापल्या मठ-मंदिरांत, सत्संगात, पोथी समोर ठेवून शोधावीत.

(१) “सर्व धर्म सारखेच” आणि “सर्व धर्मांच्या माणसांना सारखेच वागवावे” या दोन वाक्यांत ‘सारखे’ हा शब्द एकाच अर्थाने आला आहे काय?

(२) ‘परका’ हा शब्द वरीलपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो? तो वस्तूचा धर्म सांगतो की बोलणाऱ्याच्या मनाचा?

(३) भिक्षुक आणि वासनिक यांचा आचार भिन्न आहे. तो विषम आहे काय? असल्यास माप कोणते?

(४) आपल्या नित्यपाठातील अशी तीन वचने शोधावीत, जेथे ‘अ’ हा उपसर्ग अभावाचा नसून विरोधाचा आहे.

मळवलीच्या फलाटावरील त्या दोघांना आता उत्तर देता येते. दोन्ही गड दिसण्यात सदृश आहेत, वस्तुतः अन्य आहेत, जातीने एक आहेत, उंचीने विषम आहेत. चारही वाक्ये खरी आहेत. त्या दोघांनी एकमेकांस “कशात?” एवढे विचारले असते, तर वाद तेथेच मिटला असता आणि दोघेही मिळून गडाची वाट चालू लागले असते.